साहेबाला समदं म्हाईत हाय

खून कोणी केला, हे अक्काला कधीच जाणून घ्यायचं नसे. टीव्हीवरच्या मालिकेतलं प्रेत जमिनीवर पडलं, त्याच्याभोवती खडूची रेघ ओढली गेली, की थोड्याच वेळात ती बोट दाखवून मोकळी व्हायची. "ह्यो. ह्या चष्मेवाल्यानं केलंय." आणि बहुतेक वेळा तोच निघायचा. त्याचं तिला काही कौतुक नव्हतं. तिला हवं असायचं ते का केला, हे. "कोन ते काय, कुनी बी सांगंल," ती म्हणायची. "कावून केलं ते बोला."

मी सिरसाळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू झाले तेव्हा तिच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. मी आष्टीची. जिल्हा एकच, पण आष्टी एका टोकाला आणि सिरसाळा दुसऱ्या, त्यामुळं रोजची ये-जा शक्यच नव्हती. खोली बघायला गेले तर भाडं सांगायच्या आधीच तिनं विचारलं, "जनावराची डाक्टरीन कावून झालीस? मानसाची कावून न्हाई?"

"मला जनावरं आवडतात," मी म्हटलं.

ती नुसती बघत राहिली. मला ते बघणं सहन होईना.

"मार्क कमी पडले," मी म्हटलं.

"हां. हे खरं हाय. राहा."

घरात दोघीच होत्या. साठी ओलांडलेली अक्का, आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली तिची सासू, जिला ती आत्या म्हणायची. मूलबाळ नव्हतं. नवरा काही वर्षांपूर्वी वारला होता. टीव्हीच्या बरोबर वर त्याचा फोटो टांगलेला, फेटा बांधलेला, भरघोस मिशांचा. त्याला चंदनाच्या सालींचा हार. सासूला अक्का रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं भरवायची, कूस बदलून पाठीला पावडर लावायची, केस विंचरायची. गल्लीतल्या बाया आपल्या सुनांना अक्काचं उदाहरण द्यायच्या. अक्का त्यावर कधी काही बोलायची नाही. कोणी फारच कौतुक करायला लागलं तर उठून आत जायची.

बाकी वेळा मात्र तिच्या तावडीतून कोणी सुटत नसे. भाजीवाल्यानं कोथिंबीर जास्त घातली, की "कावून?" शेजारच्या घरी लग्न निघालं तर नवरीला हळदीच्या अंगानं कोपऱ्यात घेऊन "ह्यालाच कावून व्हय म्हनलीस?" मुलगी रडायला लागली, तिची आई धावत आली, आणि अक्का शांतपणे म्हणाली, "रडती म्हंजे उत्तर हाय तिच्यापाशी. तुमी इचारलंच नसंल."

एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार दारात आला. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात पक्षाचा रुमाल, मागं कार्यकर्त्यांची गर्दी. त्यानं हात जोडले. अक्कानं ते जोडलेले हात तसेच आपल्या दोन्ही हातांत धरले आणि सोडलेच नाहीत.

"कावून निवडून यायचंय?"

"अक्का, जनतेची सेवा करायची."

"सेवा मी बी करते. माझी सासू आत पडलीय. तिच्यासाठी निवडनूक लागत न्हाई."

"विकास करायचाय गावाचा."

"गाव कुटं पळून चाललंय? तुझं सांग."

कार्यकर्ते हसायला लागले. तो आधी हसला, मग त्याला घाम आला. हात सुटेनात. शेवटी तो खाली वाकून अगदी हळू आवाजात म्हणाला, "भाऊ सरपंच झाला तवापासून घरात मला कुनी इचारत न्हाई, अक्का."

अक्कानं हात सोडले. "बस. चा घे," ती म्हणाली. तो खरंच बसला, चहा प्यायला, आणि जाताना तिच्या पाया पडला. मत कोणाला दिलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

ती मालिका लागायची संध्याकाळी. अक्का पुढचं दार लोटून घ्यायची. शेजारचे निवृत्त कंडक्टर काका खुर्चीत, आम्ही दोघी खाली सतरंजीवर. जाहिरात लागली की अक्का आवाज बंद करायची आणि उलटतपासणी सुरू व्हायची. "वाईट व्हता म्हनून केलं" हे उत्तर चालत नसे. "पैशासाठी" हेही तिला अर्धंच वाटायचं. "पैसा समद्यांनाच लागतो की. मंग कंडक्टर, तुमी कावून कुनाचा खून केला न्हाई?" काका म्हणायचे, "अक्का, आमाला सुट्टे पैसे मोजन्यातून टाइम कुटं व्हता?" ती हसायची नाही. उत्तराची वाट बघत राहायची.

मालिका एका पोलीस इन्स्पेक्टरची होती. सगळे त्याला नुसतं साहेब म्हणायचे, आम्हीही. दर आठवड्याला नवा गुन्हा, नवा गुन्हेगार. पण साहेबाचं घर तेच. आई लहानपणीच गेलेली, मावशीनं वाढवलेला. भिंतीवर त्याच्या धाकट्या बहिणीचा फोटो. ती कशी वारली ते मालिकेत कधी नीट सांगितलं नव्हतं. तिचं प्रकरण उलगडलं नाही एवढंच कळायचं. गुन्हेगार पकडून झाला की साहेब घरी यायचा आणि मावशी त्याला ताट वाढायची. तिथं भाग संपायचा. लोकांना तो शेवट फार आवडायचा. बाहेर एवढी क्रूर दुनिया, आणि घरी गरम भाकरी.

अक्काला तो आवडत नसे. पहिल्यापासून तिचं एकच म्हणणं. "साहेबाला समदं म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"भयनीचं. कुनी केलं ते."

"अहो, मग तो पोलीस आहे ना? पकडणार नाही का?"

"त्याचा घास बग. तोंडापाशी नेतो आन् थांबतो. दर टायमाला थांबतो. भुकेलं मानूस असं थांबत न्हाई."

काका म्हणायचे, अक्का, तो नट आहे, त्याला गरम लागत असेल. पण मी पुढच्या वेळी नीट बघितलं. तो खरंच थांबायचा. अगदी क्षणभर. नटानं ते मुद्दाम केलं होतं की कसं, देव जाणे.

साहेबाच्या हाताखाली एक बाई अधिकारी होती, हुशार, त्याच्यावर जीव असलेली. साहेबाचाही तिच्यावर होता, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पण लग्नाचा विषय निघाला की तो टाळायचा. गावातल्या सगळ्यांचं मत होतं की कामाला वाहून घेतलेला माणूस, संसार कुठून करणार. अक्का म्हणायची, "उगं काय बी. तिला घरात आनली तर ती तपास करंल. आठ दिवसात धरंल मावशीला. म्हनून आनीत न्हाई."

"मावशीला?" काका खुर्चीत उठून बसले होते त्या दिवशी. "तुमचं डोकं फिरलंय अक्का. ती माउली हाय."

"असंल," अक्का म्हणाली आणि आवाज वाढवला. जाहिरात संपली होती.

मग मालिका अचानक बंद झाली. बहिणीचं प्रकरण तसंच राहिलं. लोक दुसरं काही बघायला लागले. अक्का मात्र कधी भाकरी थापता थापता मध्येच म्हणायची, "त्यानं तिला इचारलं आसंल का गं आतापातूर?" कोणी कोणाला, ते मला कळायला वेळ लागायचा.

त्याच काळातली एक गोष्ट. एका शेतकऱ्याच्या गाईनं फवारणीच्या औषधाचं पाणी प्यायलं होतं. मी दिवसभर तिच्यापाशी होते, पण ती वाचली नाही. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, तर अक्का समोर येऊन बसली.

"शेवटापातूर शुद्धीत व्हती का?"

"बराच वेळ होती."

"मालकाला वळखीत व्हती?"

"ओळखत असावी. त्याच्याकडं मान वळवत होती."

"आन् हाक... म्हंजे हंबरत व्हती का?"

"आधी हंबरली. नंतर आवाज फुटत नव्हता तिला."

अक्का उठली. त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं, गाईसाठी वाईट वाटलं असेल; किंवा मालिकेतल्या त्या बहिणीचं कोडं अजून डोक्यात असेल. ती विषानंच गेली असणार, असं अक्का म्हणायची.

गेल्या वर्षी त्या मालिकेचा पुढचा भाग म्हणून सिनेमा आला. जाहिरातीतच सांगत होते, साहेबाच्या बहिणीचं रहस्य उलगडणार. मी मोबाइलवर परळीच्या टॉकीजची तिकिटं काढली. अक्का कित्येक वर्षांत सिनेमाला गेली नव्हती. सासूपाशी शेजारणीला बसवलं, अक्का ठेवणीतलं लुगडं नेसली, आणि आम्ही दोघी दुपारच्या खेळाला गेलो. काकांना ताप होता. नाही तर तेही येणार होते.

सिनेमा चांगला होता की वाईट, मला आजही सांगता येणार नाही. ती बाई अधिकारी जुन्या कागदांची उकल करत करत साहेबाच्याच घरापर्यंत पोचते. मावशीला भाचीचं लग्न स्वतःच्या दिराच्या मुलाशी लावायचं होतं. भाचीनं दुसरा निवडला होता. मग ते दृश्य आलं. मावशी दुधाचा पेला घेऊन खोलीत जाते. आणि दाराच्या अलीकडं विशीतला साहेब उभा. आतून बहीण हाक मारते, "दादा." तो कडीवर हात ठेवतो. कडी काढत नाही.

टॉकीजमध्ये कोणी शिट्टी वाजवली नाही. मालिकेचे सगळे शेवट मला आठवले. ती गरम भाकरी, ते थांबणं. माणसं तीच होती, पण आता त्यांच्याकडं बघवत नव्हतं. आणि त्याहून मोठा धक्का म्हणजे अक्का बरोबर होती. अगदी पहिल्या भागापासून. मी तिच्याकडं वळले. ती खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसली होती.

पडद्यावर ती बाई अधिकारी रडत साहेबाला विचारते, "इतकी वर्षं गप्प का राहिलात?" तो खिडकीतून बाहेर बघतो. संगीत वाढतं. तो म्हणतो, "घरासाठी."

अक्का ताडकन उभी राहिली.

"खोटं बोलतोय!"

मागून कोणीतरी ओरडलं, बसा ओ मावशी.

"घरासाठी न्हाई! भ्याला व्हता तो! भ्याला व्हता म्हनावं!"

तिचा आवाज फाटला होता. बॅटरीवाला धावत आला. मी तिचा दंड धरला. आम्ही अंधारातून चाचपडत बाहेर आलो.

टॉकीजच्या आवारात ऊन होतं. मोटारसायकलींची रांग, एक फुटाणेवाला, भिंतीपाशी पाण्याचा नळ. मी तिला कट्ट्यावर बसवलं. सिनेमा होता अक्का, मी म्हणत होते, नुसता सिनेमा होता. तिनं नळाचं पाणी तोंडावर मारलं, पदरानं पुसलं, आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलायला लागली.

"माझी ननंद व्हती. शालन. मी नवी नवरी आन् ती माझ्याहून धाकटी. माझ्यापाशीच निजायची. तिचं एका पोरावर मन बसलतं. सरकी काडायच्या गिरनीत कामाला व्हता, दुसऱ्या जातीचा. दुसऱ्या दिशी सकाळी तो यायचा व्हता, दोगं पळून जानार व्हते. घरात कळालं."

"मग?"

"माझा नवरा. तुज्या डोळ्याम्होरं रोज टांगलाय की तो फोटूत. त्यानं कपाशीच्या औषधाचा डबा काडला. आत्यानं ताकात घातलं आन् तिला धरलं. मी चुलीपाशी व्हते. मला म्हनले, आत जा, दरोजा लावून घे. मी लावला."

फुटाणेवाल्यानं आमच्याकडं बघून आरोळी दिली. मी मान हलवून नको म्हटलं.

"तिनं मला हाक मारली," अक्का म्हणाली. "आईला न्हाई, भावाला न्हाई. वहिनी म्हनली. मंग नुसतं व... व... करीत व्हती. मी कडीला हात लावून उबी. कडी काय जड नव्हती."

मी तिच्या घरात राहत होते. त्या फोटोला दिवाळीत हात जोडले होते. ती म्हातारी आजी सुट्टीवरून परत आले की माझ्या गालावरून हात फिरवायची, त्या हाताचा मऊपणा मला आवडायचा.

"गावाला सांगितलं, पोरीनंच पेलं. ते पोरगं दुसऱ्या दिशी आलं, त्याची गाडी वाटंत बंद पडलती, उशिरा आलं. तवर मसनवट्यात धूर निगत व्हता. माझ्या नवऱ्यानं त्याला तिथंच सांगितलं, सकाळधरनं तुझी वाट बगितली आन् तू आला न्हाईस म्हनून पेली. तो मातीत लोळला. आन् ती तर आदल्या सांजंलाच मेलती."

"तुम्ही कोणालाच... कधीच..."

"कुनाला न्हाई. नवऱ्याला बी इचारलं न्हाई कावून केलं. रोज ताट वाढायची. वाटायचं, आज इचारीन. तो जेवून उटायचा. असंच करता करता तो मेला. मंग म्हनलं, आत्याला तरी ठाव आसंल. ती मरायच्या आत इचारू. म्हनून जपली तिला. लोकं म्हनत्यात सेवा करती. मी हिंमत यायची वाट बगत व्हते."

घरी आल्यावर तिनं शेजारणीचे आभार मानले, पेज शिजवली, आणि सासूला नेहमीसारखं भरवलं. मी माझ्या खोलीत बसून वाटी-चमच्याचा आवाज ऐकत होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

सकाळी मी दवाखान्याला निघाले होते. अक्कानं आतून हाक मारली, "डाक्टरीन, हितं ये. दारात उबी राहा."

खिडकीतून कोवळं ऊन सासूच्या पांघरुणावर पडलं होतं. म्हातारीला उशीला टेकवून बसवलेलं. अक्कानं तिला दोन चमचे भरवले. तिसरा भरला आणि हातात तसाच धरला.

"आत्या, आपल्या शालनला कावून मारलं?"

मला वाटलं, म्हातारी किंचाळेल, नाकारेल, निदान रडेल. तिचं शरीर गेलं होतं, डोकं शाबूत होतं. तिनं अक्काकडं बघितलं. डोळ्यांत भीती नव्हती, राग नव्हता. कपाळाला आठ्या घालून ती आठवायचा प्रयत्न करत राहिली, कुठं ठेवलेली किल्ली आठवावी तशी.

"तवा लई मोटं वाटलतं," ती म्हणाली.

"काय मोटं वाटलतं?"

"काय की. आता याद न्हाई."

आणि तिनं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

अक्काचा हात हवेत होता. चमच्यातली पेज पांघरुणावर ठिबकत होती. मग तिनं तो चमचा म्हातारीच्या तोंडात घातला, उरलेली पेज भरवली, तोंड पुसलं, वाटी विसळून पालथी घातली. बाहेर ओट्यावर येऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले. जन्मभर ज्याची वाट बघितली ते उत्तर एवढंच होतं.

"चौसाळ्याला जायचंय," ती म्हणाली.

"चौसाळ्याला? तिथं कोण आहे?"

"तो हाय."

पुढे काय काय झालं ते थोडक्यात सांगते. अक्कानं पोलिसांत जाऊन रीतसर जबाब दिला. त्याच महिन्यात म्हातारी झोपेतच गेली. फोटो अक्कानं भिंतीवरून काढला. कोणावर कसला खटला होणार, सगळेच गेलेले. पण गल्लीनं अक्काशी बोलणं टाकलं. खून झाला होता ह्याचा राग नव्हता कोणाला, तिनं तो सांगितला ह्याचा होता. कंडक्टर काका एकटेच येत राहिले. खुर्चीत बसायचे, टीव्ही बंद असायचा, दोघं चहा प्यायची. ते सगळं नंतरचं. चौसाळ्याला आम्ही गेलो ते म्हातारी असतानाच, दुसऱ्या दिवशी.

तेलगाववरून बीड, बीडला गाडी बदलून चौसाळा. अक्का खिडकीपाशी बसली होती. कोणाच्या तरी लग्नाला जाताना तिनं ह्याच रस्त्यावर एसटीतून गिरणीतल्या त्या पोराला ओळखलं होतं, आणि तेव्हापासून तो कुठं आहे ते तिला माहीत होतं. मी विचारलं, काय सांगणार? ती म्हणाली, "जे झालं ते."

हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, समोर टायरांची चळत, मागं दोन खोल्यांचं घर. तो ट्रकचं चाक खोलत बसला होता. केस पांढरे, दंड अजून पिळदार. अक्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. छपराच्या सावलीत आली नाही, बाहेर उन्हातच.

"मी सिरसाळ्याची. शालनची वहिनी."

त्याचा पाना थांबला. त्यानं वर बघितलं. "कावून आलाव?" तो म्हणाला. "सांगून झालं व्हतं की तवाच समदं."

"खोटं सांगितलतं. तिनं पेलं न्हाई. पाजलं. तिच्या आईनं आन् भावानं. तू यायच्या आदल्या सांजंला. तू टायमाला आला असतास तरी ती नव्हती."

महामार्गावरून एक लांब ट्रक गेला, त्याच्या आवाजात सगळं बुडालं. तो गेल्यावर त्या माणसानं विचारलं, "तुमाला कसं म्हाईत?"

"मी घरात व्हते. दरोजा मीच लावला."

"आन् गप राहिलाव? येवडी वर्सं?"

"भ्याले."

एवढंच म्हणाली ती. पुढं एक शब्द जोडला नाही. मला वाटलं, आता तो हातातला पाना फेकेल. त्यानं तो हळूच जमिनीवर ठेवला.

"माझं नाव घेतलं का तिनं?"

अक्कानं मान खाली घातली नाही. "न्हाई. माझं घेतलं. मला बोलवीत व्हती."

तो चाकाला धरून तसाच बसला. मग मान वळवून त्यानं घराकडं हाक मारली, मोठ्यानं, आग लागल्यासारखी. त्याची बायको पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आली. तिनं आम्हाला बघितलं, त्याला बघितलं.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"आगं, तिनं पेलं नव्हतं," तो म्हणाला. "माझ्यामुळं न्हाई. तिनं पेलंच नव्हतं."

कोण, असं तिनं विचारलं नाही. म्हणजे त्या घरात हे नाव रोजचं असणार. ती त्याच्या शेजारी मातीत बसली आणि त्याचे ग्रीसनं काळे झालेले हात तिनं आपल्या पिठाच्या हातांत धरले. तो हुंदके देत होता, आणि ती त्याच्या तळहातावरून अंगठा फिरवत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी सांगत नव्हते? मी सांगत नव्हते तुमाला?"

आमच्याकडं कोणी बघितलं नाही. या म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही, शिवीही दिली नाही. बीडकडं जाणारी गाडी लांबून येताना दिसली. मी अक्काच्या खांद्याला हात लावला. "अक्का, चला."

"थांब," ती म्हणाली.

"गाडी चालली."

"जाऊ दे. त्यानं जा म्हनल्याबिगर कसं जाऊ?"

गाडी थांबून निघून गेली. तो माणूस रडत होता, बायको त्याला धरून बसली होती, आणि अक्का हात जोडून तिथंच उन्हात उभी होती.